खोली मोजायची दोरी

शुक्रवारी तिसऱ्या तासाला मी भिंतीवर आलेख लावते.
बारावीची नऊ मुलं,
अख्खी बारावी म्हणजे नऊच,
त्याच्याकडे बघतात
जशी त्यांची आजोबामंडळी धुक्याकडे बघायची:
विश्वास नाही, पण नजरही हटत नाही.

न्यूफाउंडलंडच्या या टोकाला
वर जाणाऱ्या रेषांचा अनुभव जुना आहे.
कॉड कधी संपणार नाही, ही एक रेष होती.
ब्याण्णवच्या जुलैत सरकारनं ती पुसली.
मी सतरा वर्षांची होते.
माझा भाऊ लिओ पुढं आल्बर्टाच्या तेलामागं गेला,
वीस दिवस तिकडं, आठ दिवस घरी,
आणि तेलाचीही रेष पडली त्या डिसेंबरात
कायमचा परत आला
नव्याकोऱ्या ट्रकमधून, एकावन्न हप्ते बाकी.

म्हणून मी मुलांना भविष्य सांगत नाही.
आधी टक्के वाचायला शिकवते.

"पवनचक्की तंत्रज्ञ, चाळीस टक्के वाढ!"
कीनन मोठ्यानं वाचतो, डोळे पुढच्या रकान्यात, पगारावर.
किती होते?
पाच.
किती झाले?
सात.
म्हणजे सगळ्या किनाऱ्यावर मिळून दोन माणसं.
"त्यातला एक साहेबाचा भाचा असणार," मागून डेल्फीन.
वर्ग हसतो. मीही हसते.
मग विचारते, आणि दुसरा कोण?
त्या दुसऱ्याला शोधून फोन लावायचा,
हा गृहपाठ.

माझ्या बापाकडं सागरी नकाशा होता,
निळ्यावर मुंगीएवढे आकडे:
इथं सात वाव, तिथं बारा.
तो नकाशा मानायचा.
तरी खाडीच्या तोंडाशी आला की
शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायचाच.
वजनाच्या बुडाला चरबी थापलेली असे.
वर ओढून तो तिला चिकटलेलं निरखायचा,
वाळू, शिंपल्यांचा चुरा, की नुसता चिखल.
आकडा खोली सांगतो, म्हणायचा,
नांगर धरेल का, ते चरबीला विचार.

पुढच्या शुक्रवारी डेल्फीननं वही उघडली.
गँडरच्या वृद्धाश्रमातली बाई तिच्याशी
तास भर बोलली होती, रात्रपाळीत, दबक्या आवाजात.
जागा भरपूर आहेत, कारण माणसं टिकत नाहीत.
पाठ जाते. एक म्हातारा रोज तिला
मेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारतो,
आणि ती ओ देते.
डेल्फीननं याच्यापुढं काही लिहिलं नव्हतं.

कीननला तो दुसरा सापडला.
पहिले सहा महिने वर चढून ओकायचा म्हणे,
कंत्राट तीन वर्षांचं,
पुढं कुठं पाठवतील सांगता येत नाही.
"गंमत म्हणजे," कीनन म्हणाला,
"मला आता जास्तच जावंसं वाटतंय."
मी मान डोलावली. चरबीला लागलं ते त्यानं बघितलं होतं.

ॲम्ब्रोज पार्डीनं कुणालाच फोन केला नाही.
त्याला लाकडी होड्या बांधायच्या आहेत,
आणि भिंतीवर त्याची रेषच नाही.
तळाशी बारीक अक्षरात "इतर" आहे,
त्याहून बारीक अक्षरात तारीख:
सगळे आकडे दोन वर्षांपूर्वीचे.
हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये,
असं काहीतरी बोलणार होते मी त्याला.
पण हातचं कुठलं आणि पळतं कुठलं,
मलाच ठरवता येईना.

वर्ग रिकामा झाल्यावर तो आलेखापाशी थांबला.
नाक जवळजवळ कागदाला लावून
त्यानं सामन माशांच्या शेतीच्या रेषेवर बोट ठेवलं,
काळं झालेलं नख, हातोडी चुकल्याची खूण.
"बाई, यांच्या बोटी कोण दुरुस्त करतं?"

माहीत नाही, मी म्हणाले.
आणि टेबलावरचा फोन त्याच्याकडं सरकवला.

पलीकडं घंटी वाजत राहिली.
बस सुटायला चार मिनिटं होती.
तो उभ्यानंच थांबला,
वायर बोटाभोवती गुंडाळत, सोडत.